मूळचे कुठले?

चक्कीवाल्या भैयाने डब्यात हात घातला आणि तसाच बाहेर काढला. "भाईसाब, ये तो गरम है. ठंडी होने दो, फिर लाओ." ह्यांनी डबा परत घरी आणला, ओट्यावर ठेवला आणि एक शब्दही न बोलता पेपर उघडून बसले.

चकलीची भाजणी होती. चूक माझीच. पाचला गणिताच्या शिकवणीची बॅच येणार म्हणून घाईघाईत भाजली आणि परातीत पसरून पुरती निवू न देता डब्यात भरून पाठवली. गरम भाजणी दळायला घेतली की पीठ दगडाला धरतं, हे मला माहीत नाही असं नाही. पण बॅचच्या दिवशी माझं डोकं वहीत असतं. चक्की काही मिळेल ते घेत नाही. ओलं घेत नाही, गरम घेत नाही. आणि आमचा भैया तर इतका नेमका आहे की आधी कुणाचा मसाला दळला असेल तर स्वतःहून सांगतो, आत्ता नका टाकू, दोन गिऱ्हाइकांचे गहू निघून जाऊ द्या.

नेमकं त्या दिवशी बॅचला 'संयुक्त फलन' होतं. फलन म्हणजे एक संख्या घेऊन ठरलेली एक संख्या देणारा नियम, आणि एका फलनातून जे निघालं ते दुसऱ्यात घातलं की झालं संयुक्त फलन. मी तो डबा ओट्यावरून उचलला आणि मुलांसमोर टेबलावर आणून ठेवला.

मी इंदूरला, राजेंद्रनगरात राहते. १९९६ पासून घरीच अकरावी-बारावीचं गणित शिकवते. भंवरकुव्याच्या कोचिंगमध्ये एकेका हॉलमध्ये शेकड्याने मुलं बसतात. माझ्याकडे जेवणाच्या टेबलाभोवती आठ आणि दिवाणावर चार मावतात, तेवढीच घेते. निम्मी मराठी घरांतली, निम्मी नाहीत, त्यामुळे भाषेची खिचडी असते. हिंदी माध्यमाची मुलं 'फलन, प्रांत, परिसर' म्हणतात, इंग्रजीवाली 'फंक्शन, डोमेन, रेंज' (प्रांत म्हणजे फलन ज्या संख्या आत घेतं त्या, परिसर म्हणजे त्यातून ज्या बाहेर येतात त्या), आणि मी दोन्हीच्या मधून कधी मराठीत घसरते ते मलाच कळत नाही. पुण्याची माझी मावसबहीण एकदा बॅच चालू असताना घरी होती. नंतर म्हणाली, "अगं, प्रांत काढा, प्रांत काढा काय चाललं होतं? प्रांताधिकाऱ्याकडे जायचंय का पोरांना?" (फळ्यावर अर्थातच एक्स असतो. इथे मात्र मी क्ष लिहिते आहे. शाळेनंतर बऱ्याच वर्षांनी लिहिते आहे, बरं वाटतं.)

तर भाजणी. "कशी करतात?" मी विचारलं. एक मुलगी म्हणाली, "आजी धुऊन, वाळवून, भाजून, मग दळून आणते."

हे वाक्य मी फळ्यावर जसंच्या तसं लिहिलं. कारण माझ्या मते फलनांची जोडणी शिकवायला मराठीइतकी सोयीची भाषा नाही. धुऊन, वाळवून, भाजून, दळून. जे आधी करायचं ते आधी येतं, आणि प्रत्येकाच्या शेपटाशी तो 'ऊन'. एकाचं काम संपलं, त्यातून जे निघालं ते पुढच्याच्या हातात दिलं, एवढा सगळा अर्थ त्या दोन अक्षरांत. हिंदीतही तसंच, धोके, सुखाके, भूनके, पिसवाके. गणितात मात्र हेच सगळं उलटं मांडावं लागतं:

दळ(भाज(वाळव(धू(तांदूळ))))

सगळ्यात आधी जे घडतं ते सगळ्यात आत दडलेलं, आणि जे सगळ्यात शेवटी घडतं ते डाव्या टोकाला मिरवतंय. फ∘ग असं दिसलं की मुलं डावीकडून वाचतात आणि आधी फ लावतात. दर वर्षी, दर बॅचला, हुशार मुलंसुद्धा. म्हणून मी सांगते, ते मधलं छोटं वर्तुळ म्हणजे आपला 'ऊन', पण उजवीकडून वाचायचा. ग करून फ.

"आणि काकू, क्रम बदलला तर?" असं कुणीतरी विचारतंच. आधी दळून मग भाजलं तर काय बिघडतं? काहीच नाही. फक्त चकली होत नाही, बेसनाचा लाडू होतो. आकड्यांत सांगायचं तर ३ घ्या. एक मिळवून वर्ग केला तर १६, वर्ग करून एक मिळवला तर १०. इथवर सगळं सोपं आहे आणि इथे कुणी अडत नाही.

अडतात ते डब्याशी. भाजणारीला काय चालतं हा एक प्रश्न, आणि दळणाऱ्याला काय चालतं हा अगदी दुसरा. फ∘ग चा प्रांत म्हणजे असे सगळे क्ष, ज्यांना ग घेतो, आणि शिवाय ग ने त्यांचं जे केलं ते फ घेतो. दोन दारं आहेत आणि दोन्हीकडे तपासणी आहे. पहिल्या दारात क्ष स्वतः उभा असतो. दुसऱ्या दारात क्ष नसतोच, ग मधून बाहेर पडलेलं त्याचं रूप असतं. हे वाक्य मुलं वहीत सुबक लिहून घेतात. मग गणित सोडवताना दोन्ही दारं विसरतात, सगळी आकडेमोड करून, काटछाट करून, शेवटी जे सूत्र हातात येतं त्याच्याकडे बघतात आणि त्यावरून प्रांत लिहून टाकतात. पीठ बघून सांगायचं की तांदूळ ओला होता का.

सगळ्यात साधं उदाहरण वर्ग आणि वर्गमूळ यांचं. वर्गमूळ काढून वर्ग केला तर (√क्ष)², म्हणजे क्ष. वर्ग करून वर्गमूळ काढलं तर √(क्ष²). इथेही मुलं क्ष लिहितात, पण ते |क्ष| असतं. आता −५ ला दोन्ही वाटांनी पाठवून बघा. दुसऱ्या वाटेने गेला तर आधी २५ होतो आणि मग ५. चिन्ह वाटेत हरवलं, पण गडी पोचला. पहिल्या वाटेने गेला तर दारातच अडला, कारण −५ चं वर्गमूळ वास्तव संख्यांत नाही. पुढचा वर्ग करणारा उदार आहे, कुणालाही घेतो, पण त्याच्यापर्यंत पोचायचं कसं? म्हणून पहिल्या जोडणीचा प्रांत शून्य आणि त्याहून मोठ्या संख्या, आणि दुसरीचा सगळ्याच वास्तव संख्या. एकीचं शेवटचं सूत्र नुसतं 'क्ष', निष्पाप दिसणारं. त्याच्याकडे बघून कुणाला वाटेल की अर्धी संख्यारेषा बाहेर उभी आहे?

हे सगळं मी आज मोठ्या रुबाबात लिहिते आहे. २०११ साली, पंधरा वर्षं शिकवून झाल्यावर, मी स्वतः पीठ बघूनच प्रांत सांगितला होता.

चाचणी होती. प्रश्न बाजारातल्या एका गाइडातून उचललेला: फ(क्ष) = १/(१ − क्ष). फ∘फ∘फ काढा आणि त्याचा प्रांत लिहा. हे फलन माझं लाडकं आहे. २ घ्या. १ − २ म्हणजे −१, तेव्हा उत्तर −१. आता −१ घाला: १ भागिले २, म्हणजे अर्धा. अर्धा घाला: १ भागिले अर्धा, म्हणजे २. परत घरी. ३ ने निघालात तर −१/२, मग २/३, मग ३. कुठूनही निघा, तीन थांब्यांत फेरी पुरी. मुलांना हे दाखवलं की दोनचार जण तरी शेवटच्या पानावर गुपचूप आपापला आकडा घालून बघतात, आणि त्या दोन मिनिटांसाठी मी हे फलन शिकवते.

गाइडात उत्तर छापलं होतं: क्ष, प्रांत, सर्व वास्तव संख्या. रात्री अकराला बारा पेपर पुढ्यात घेऊन मी ते उत्तर शेजारी ठेवलं आणि तपासत गेले.

त्या बॅचला एक मुलगा महूहून शटलने यायचा. तेव्हा त्या मार्गावर मीटर गेजची गाडी होती आणि राजेंद्रनगर स्टेशन माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. गाडी उशिरा आली की तो उशिरा यायचा, आणि गाडी वेळेवर आली की तरीही उशिराच. बोलायचा कमी. त्याने उत्तर लिहिलं होतं, 'क्ष, परंतु क्ष ≠ ०, १', आणि कुणी सांगितलं नसताना खाली आलेखही काढला होता. मी त्याच्यावरून तिरकी लाल रेघ मारली, दोन गुण कापले आणि समासात लिहिलं, 'सरळ रूप बघ!' उद्गारचिन्हासकट.

दुसऱ्या दिवशी पेपर वाटले. त्याने वाद घातला नाही. सगळ्यांचं बघून झाल्यावर म्हणाला, "काकू, एकदा झीरो टाकून बघता का?"

बघितलं. फळ्यावरच, सगळ्यांसमोर, आणि खरं सांगायचं तर जरा ठसक्यातच. फ(०) = १. पुढे फ(१) म्हणजे एक भागिले, एक वजा एक. खडू तिथेच राहिला. मागे दिवाणावर कुणीतरी हसू दाबलं. नळाला नर्मदेचं पाणी आलं होतं, शेजारच्या मोटरीचा आवाज येत होता, तेवढाच.

मी त्याचे दोन गुण परत दिले. तो "राहू द्या काकू" म्हणाला, ते मला जास्त लागलं.

चूक नेमकी कुठे होते हे मग आम्ही सगळ्यांनी मिळून शोधलं, आणि ते दर वर्षी मी पुन्हा करून दाखवते. फ दोनदा लावला की मिळतं

१/(१ − १/(१ − क्ष))

अपूर्णांकाच्या पोटात अपूर्णांक बघवत नाही, म्हणून आपण खालीवर (१ − क्ष) ने गुणतो. वर उरतं १ − क्ष, खाली (१ − क्ष) − १, म्हणजे −क्ष. चिन्हं फिरवून (क्ष − १)/क्ष. छान, सुटसुटीत. पण खालीवर (१ − क्ष) ने गुणताना आपण मनातल्या मनात एक कबुली देतो, की हे शून्य नाही. कबुली देतो आणि पुढच्या ओळीत ती विसरतो. नव्या सूत्रात क्ष च्या जागी १ घातला तर उत्तर येतं शून्य, कुरकूर न करता. जो पहिल्याच दारात अडला होता तो आता आत बसून चहा पितोय. एक ची खूण इथे पुसली गेली. शून्य मात्र अजून दिसतो, छेदात क्ष आहे ना.

तिसऱ्यांदा फ लावला: १/(१ − (क्ष − १)/क्ष). आता खालीवर क्ष ने गुणायचं. वर क्ष, खाली क्ष − क्ष + १, म्हणजे १. उत्तर, क्ष. आणि या गुणण्यात शून्याचीही खूण गेली. दुसऱ्या पायरीत एक हरवला, तिसऱ्या पायरीत शून्य, आणि शेवटच्या ओळीत कुणाचाच मागमूस नाही. तिसऱ्या दारात नवा कुणी अडतो का, हेही बघावं लागतं. त्यासाठी (क्ष − १)/क्ष ची किंमत १ यायला हवी, म्हणजे −१ बरोबर ०. तसं होणार नाही. तेव्हा वगळायचे ते दोघेच.

तेव्हापासून माझ्या बॅचला एक सवय सक्तीची आहे. वहीच्या डाव्या समासात, प्रत्येक पायरीला, काटछाट करायच्या आधी, या पायरीला कोण अडला ते लिहायचं. सरळ रूप नंतर. मुलं कंटाळतात. एकाने समासाला 'जेल' असं नाव ठेवलं होतं.

त्या आठवड्यात मी माळ्यावरून एम.एस्सी.च्या वह्या काढल्या. १९८९ साली होळकर कॉलेजातून केलं होतं. १८९१ साली सुरू झालेलं ते कॉलेज आग्रा-मुंबई रोडवर आहे, त्याच्या फाटकाबाहेर उसळ-पोहे खाऊन आम्ही पुढच्या तासाला जायचो. वहीत, माझ्याच अक्षरात, सगळं नीट लिहिलेलं होतं. गणितज्ञ ऑयलरने १७४८ च्या ग्रंथात फलन म्हणजे चल आणि अचल राशींपासून बनवलेली एक वैश्लेषिक राशी असं म्हटलं. म्हणजे सूत्र हेच फलन. फ(क्ष) सारखी खूणही त्याचीच, १७३४ च्या लेखातली. पुढे १८३७ मध्ये डिरिक्लेने सूत्राचा आग्रह सोडला. प्रत्येक क्ष ला एक ठरलेला य मिळाला की झालं फलन, मग त्याला सूत्र असो वा नसो. एकदा हे मान्य केलं की कोणत्या क्ष ला, हा प्रश्न व्याख्येतच येऊन बसतो. प्रांत ही शेवटी जोडायची तळटीप राहत नाही. 'सर्व वास्तव संख्यांवर क्ष' आणि '० व १ सोडून क्ष' ही दोन वेगळी फलनं ठरतात. मी १८३७ नंतरचं शिकले होते आणि रात्री अकराला पेपर तपासताना १७४८ मध्ये जाऊन बसले होते. गाइडवाला तर कायम तिथेच राहतो.

डिरिक्लेचं नाव निघालं की मी मुलांना त्याचं १८२९ चं प्रसिद्ध फलन दाखवते. क्ष परिमेय असेल तर १, अपरिमेय असेल तर ०. एकही बिंदू असा नाही जिथे ते सलग आहे. आलेख काढायला घ्या, पेन्सिल टेकवायलाच जागा नाही. आता तेच स्वतःवर पुन्हा लावा. पहिल्या खेपेला ० किंवा १ बाहेर येतो. दोघेही परिमेय. म्हणून दुसऱ्या खेपेला उत्तर नेहमी १. सगळीकडे फाटलेलं कापड त्याच सुईत दुसऱ्यांदा घातलं की सपाट चादर बाहेर येते. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कॉलेजच्या वाचनालयात जोरात "अरे!" म्हणाले होते.

महूच्या त्या मुलाने नंतर एकदा विचारलं, मग १ बिचाऱ्याने जायचं कुठे? चांगला प्रश्न होता. वास्तव संख्यांत त्याला जागा नाही. पण संख्यारेषेला अनंत नावाचं एकच जास्तीचं स्टेशन जोडलं, १ भागिले ० म्हणजे अनंत आणि १ भागिले अनंत म्हणजे ० असं धरलं, तर १ अनंताला जातो, अनंत ० ला येतो आणि ० परत १ ला. तीन थांब्यांची तीच फेरी, याही तिघांची. गणितवाले असं खरोखर करतात, त्यात काही लबाडी नाही. फक्त तेव्हा आपण वेगळ्या प्रांतात असतो आणि ते आधी सांगावं लागतं. परीक्षेत 'वास्तव संख्या' लिहिलेलं असताना अनंताचं तिकीट काढता येत नाही.

हल्लीची मुलं मोबाइल पुढे करतात. आलेखाच्या अ‍ॅपमध्ये ते तीन मजली सूत्र घातलं की तिरपी सरळ रेषा उमटते, शून्याशी आणि एकाशी काही भोकबिक दिसत नाही. "बघा काकू, पूर्ण आहे." एकेका बिंदूच्या भोकाला रुंदी नसते, पडद्याला ते दिसणार कसं? आपण वहीत जो पोकळ गोल काढतो तोही खोटाच, पण निदान सांगायला तर असतो.

लॉगचं प्रकरण मला वेगळ्या कारणाने आवडतं. तिथे भोकं पडत नाहीत, दारच पुढे पुढे सरकत जातं. पाया १० धरा, म्हणजे १० चा कितवा घात घेतला की क्ष मिळतो, तो आकडा म्हणजे लॉग क्ष. लॉग क्ष ला क्ष धन हवा. लॉग(लॉग क्ष) ला आतला लॉग धन हवा, म्हणजे क्ष हा १ पेक्षा मोठा. तिसरा लॉग लावा, क्ष १० पेक्षा मोठा हवा. चौथा लावा, क्ष १० च्या दहाव्या घातापेक्षा, म्हणजे एक हजार कोटींपेक्षा मोठा हवा. इथवर मुलं मान डोलावतात. पाचव्याला जो क्ष चालतो तो लिहायला घेतला तर एकावर एक हजार कोटी शून्यं, आणि तरी तो नुसता उंबरठाच, त्याच्याहून मोठा हवा. फळ्यावर पाच वेळा 'लॉग' लिहायला दहा सेकंद लागतात. मी लिहिते आणि विचारते, आता या फलनात घालायला मला एक आकडा सांगा. बॅच शांत होते. अशी शांतता पैसे देऊन मिळत नाही.

आणि काही जोडण्यांत कुणी राहतच नाही. लॉग(साइन क्ष − १) बघा. साइन एकाच्या वर जात नाही, म्हणून आतला माल शून्य किंवा ऋण. लॉगला तर फक्त धन चालतं. पहिली चक्की रात्रंदिवस चालू आहे, आणि दुसरी तिचा एकही दाणा घेत नाही. तिथे लॉगच्या जागी वर्गमूळ ठेवा, ते शून्यही घेतं, की ९० अंश, ४५० अंश, ८१० अंश असे दर ३६० अंशांनी एकेक दाणा आत जातो. साइनचं व्यस्त फलन, म्हणजे साइनवरून उलटा कोन सांगणारं, घ्या; ते −१ ते १ एवढंच घेतं. त्यात क्ष² + १ घाला, अख्ख्या संख्यारेषेतून एकटा शून्य पात्र ठरतो. प्रवेश परीक्षांच्या तयारीत असले प्रश्न मुलांना 'ट्रिकी' म्हणून शिकवतात. ट्रिक कसली? दोन दारं नीट बघितली तर सरळ आहे.

गेल्या मे महिन्यात पुण्याला लग्नाला गेले होते. पंगतीत शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही कुठल्या?"

"इंदूरच्या."

"नाही, पण मूळच्या?"

मी सांगितलं, इंदूरच्याच. माझा जन्म इथला, वडिलांचा इथला. त्या थांबल्या नाहीत. "तसं नाही हो, मूळचे?" मग सांगावं लागलं. आजोबा वाईचे, होळकर सरकारच्या नोकरीत आले. भुसावळहून खंडव्यापर्यंत मोठी गाडी आणि तिथून घाट चढून इंदूरपर्यंत छोटी. मी स्वतः वाई दोनदा बघितली आहे, त्यातही एकदा पाऊस होता. बाईंचं समाधान झालं. "तरीच," म्हणाल्या, "मराठी अगदी स्वच्छ आहे तुमचं." पाच मिनिटांनी मी पलीकडे बसलेल्या ह्यांना "अहो, पाणी घेऊन या ना, मी जेवून राहिले आहे" म्हणाले, तेव्हा त्या पानातून मान वर करून माझ्याकडे बघत राहिल्या.

मला राग आला होता, आणि गाडीत बसल्यावर हसू आलं. वर्गात जो प्रश्न मी दिवसातून दहादा विचारते, शेवटचं सूत्र सांगू नकोस, कुठून कुठून आलास ते सांग, तोच मला विचारला की मी चिडते.

भाजणी त्या दिवशी सातला निवली. बॅच सुटल्यावर हे डबा घेऊन परत गेले आणि साडेसातला पीठ आलं. चकल्या बऱ्या झाल्या, थोड्या तेल प्यायल्या. त्याचं कारण भाजणी की माझं मोहन, यावर घरात दोन मतं आहेत.

महूच्या मुलाचा तो पेपर माझ्याकडेच राहिला. त्याने मागितला नाही आणि मी दिला नाही. संयुक्त फलन सुरू झालं की मी तो कपाटातून काढते आणि टेबलाभोवती फिरवते. कागद घड्यांवर फाटायला आला आहे. आलेख अजून स्पष्ट आहे. पेन्सिलीने ओढलेली तिरपी रेषा, आणि तिच्यावर (०, ०) ला आणि (१, १) ला दोन बारीक पोकळ गोल, मोहरीएवढे. माझी लाल रेघ त्यातल्या पहिल्या गोलावरून आरपार गेली आहे, त्यामुळे तो भरल्यासारखा दिसतो. दुसरा तसाच उघडा आहे.